पावसाळ्यात निगेटिव्हच्या स्कॅनवर उमटणारी वलये: नवा स्कॅनर घेण्याआधी काय तपासावे

फ्लॅटबेड स्कॅनरवर १२० फिल्मचे (मध्यम आकाराच्या रोल फिल्मचे) निगेटिव्ह स्कॅन केल्यावर आकाश, भिंत, संथ पाणी अशा सपाट भागांवर एकात एक बसलेली वलये दिसू लागली, तर पहिला संशय स्कॅनरच्या दिव्यावर किंवा काचेवर जातो. रंगीत फिल्मवर ही वलये ओल्या रस्त्यावर सांडलेल्या तेलासारखी तांबूस-हिरवी दिसतात आणि कृष्णधवल फिल्मवर ती राखाडी रंगाच्या फिक्या-गडद पट्ट्यांसारखी उमटतात. कोकणात आणि मुंबईत ही तक्रार जून ते सप्टेंबर या काळात हमखास डोके वर काढते आणि दिवाळीनंतर आपोआप नाहीशी होते, त्यामुळे दोष नेमका कोठे आहे हे ध्यानात यायला वेळ लागतो. मला दोन पावसाळे लागले.

पहिल्या वर्षी वारीच्या वेळी दिवे घाटात काढलेला कृष्णधवल रोल मी घरीच धुतला आणि जुलैमध्ये रत्नागिरीत स्कॅन करायला बसलो. चौकोनी फ्रेमच्या खालच्या तिसऱ्या भागात वळणावर चढणारी दिंडी आणि वर सगळे ढगाळ आकाश, असे ते छायाचित्र होते. त्या आकाशाच्या उजव्या बाजूला मला नऊ वलये मोजता आली. काच पुसली, होल्डर (फिल्म धरणारी चौकट) पुसला, स्कॅनरचा ड्रायव्हर काढून पुन्हा टाकला, तरी फरक पडला नाही. शेवटी स्कॅनर दुरुस्तीला दिला. तो परत यायला नोव्हेंबर उजाडला, बिलावर ‘साफसफाई’ एवढेच लिहिले होते, आणि तेच निगेटिव्ह अगदी स्वच्छ स्कॅन झाले. साहजिकच त्याचे सगळे श्रेय मी दुरुस्तीला दिले. पुढच्या जुलैमध्ये वलये पुन्हा आली, तेव्हा मात्र महागड्या नव्या स्कॅनरचे पान उघडून बसलेलो असताना मला पहिल्यांदा हवामानाची शंका आली.

ही न्यूटनची वलये आहेत. नाव न्यूटनचे असले, तरी त्यांची नोंद रॉबर्ट हुकने त्याच्या आधी करून ठेवली होती. भौतिकशास्त्रात काचेचा बहिर्वक्र भाग सपाट काचेवर ठेवून प्रकाशाचे व्यतिकरण शिकवले जाते, तोच प्रयोग आपल्या स्कॅनरवर नकळत घडत असतो. फिल्मची मागची बाजू, म्हणजे ज्या बाजूला इमल्शन (प्रतिमा धरणारा थर) नसते ती, काचेइतकीच गुळगुळीत असते. ती स्कॅनरच्या काचेला जवळजवळ टेकली की मध्ये हवेचा अतिशय पातळ थर उरतो आणि त्याच्या वरच्या व खालच्या पृष्ठभागांवरून परतणारा प्रकाश एकमेकांत मिसळून काही ठिकाणी वाढतो, तर काही ठिकाणी घटतो. एका वलयापासून पुढच्या वलयापर्यंत हा थर प्रकाशाच्या निम्म्या तरंगलांबीने जाड होतो. हिरव्या प्रकाशाची तरंगलांबी ५५० नॅनोमीटर धरली, तर माझ्या नऊ वलयांचा अर्थ असा की पहिल्यापासून शेवटच्या वलयापर्यंत फिल्म काचेपासून जेमतेम २.२ मायक्रॉन वर उचलली गेली होती. माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड असतो, यावरून हे अंतर किती बारीक आहे याची कल्पना येईल. त्यातच निगेटिव्हचा कॉन्ट्रास्ट मुळात कमी असल्यामुळे पॉझिटिव्ह करताना तो वाढवावा लागतो आणि त्यासोबत वलयेही ठळक होतात. म्हणूनच पूर्वदृश्यात न दिसलेली वलये अंतिम चित्रात अचानक उठून दिसतात.

पावसाळ्याशी याचा संबंध फिल्मच्या घडणीत आहे. इमल्शनमधील जिलेटिन आणि बहुतेक रोल फिल्मचा ट्रायअ‍ॅसिटेटचा आधार, दोन्ही हवेतील ओलावा शोषतात. दमट हवेत फिल्म मऊ पडते आणि किंचित वाढते, पण होल्डरच्या कडांनी ती दोन्ही बाजूंनी धरलेली असल्यामुळे वाढलेल्या भागाला वर किंवा खाली झुकण्यावाचून गत्यंतर नसते. ती खालीच का झुकते, याचे कारण फिल्म ठेवण्याच्या पद्धतीत दडलेले आहे. घरगुती फ्लॅटबेडच्या माहितीपुस्तिकेत फिल्मची चमकदार बाजू खाली ठेवावी असे सांगितलेले असते, तर फिल्मचा बाक नेहमी इमल्शनच्या दिशेने आत वळलेला असतो. याचा अर्थ असा की पुस्तिकेप्रमाणे ठेवलेली फिल्म पन्हाळीसारखी दिसते, कडा वर आणि पोट खाली. ते पोट काचेपर्यंत पोचले की वलये उमटतात. थंडीत तीच फिल्म ताठ राहते आणि होल्डरमध्ये ताणून बसते, म्हणून नोव्हेंबरातील माझे स्कॅन स्वच्छ आले. दुरुस्तीचा त्याच्याशी काही संबंध नव्हता.

दोष फिल्मचा, काचेचा की हवेच्या थराचा

काहीही विकत घेण्यापूर्वी एकच फ्रेम तीनदा स्कॅन करावी. पहिल्या स्कॅननंतर फिल्म होल्डरमधून पूर्ण काढून पुन्हा बसवावी आणि दुसरा स्कॅन घ्यावा. वलयांचा आकार किंवा जागा बदलली, तर ती न्यूटनची वलये आहेत यात शंका राहत नाही. डाग चित्रातील त्याच जागी, उदाहरणार्थ दोन्ही वेळा त्याच ढगावर आला, तर तो फिल्ममध्येच आहे आणि बहुधा तो रोल वाळताना राहिलेल्या पाण्याच्या थेंबाचा असतो. शेवटच्या पाण्यात वेटिंग एजंट (थेंब न राहता पाणी ओघळून जावे म्हणून घालायचे द्रव) घातला नाही किंवा नळाचे पाणी जड असले की असे डाग राहतात. कोडॅकचे फोटो-फ्लो एकास दोनशे या प्रमाणात डिस्टिल्ड वॉटरमध्ये मिसळून त्यातून रोल काढला की ही तक्रार बहुतेक मिटते. फोटो-फ्लो जास्त झाले तर उलट चिकट थर राहतो, हेही लक्षात ठेवावे. तिसऱ्या वेळी फिल्म होल्डरमध्ये चार-पाच मिलिमीटर सरकवावी. डाग चित्राबरोबर न सरकता स्कॅनरच्या काचेवर त्याच जागी राहिला, तर काच तपासावी. बाहेरून काच स्वच्छ असूनही विजेरी तिरकी धरल्यावर आत धुरकट थर दिसत असेल, तर तो काचेच्या आतल्या बाजूला साचलेला असतो आणि बाहेरून कितीही पुसले तरी निघत नाही.

याच वेळी आणखी एका दोषाची गल्लत होते. स्कॅनच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ, बारीक, रंगीत रेघ येत असेल, तर तिचा वलयांशी संबंध नाही. होल्डरच्या वरच्या टोकाला एक रिकामी आडवी खिडकी असते आणि प्रत्येक स्कॅनपूर्वी यंत्र त्या खिडकीतून स्वतःचे मोजमाप ठरवते. तेथे धुळीचा एक कण असला, तरी त्या रांगेत अखेरपर्यंत रेघ उमटते. फिल्म कितीही स्वच्छ केली तरी ती रेघ जात नाही, पण काचेचा तेवढा पट्टा पुसताच नाहीशी होते.

खर्च न करता होणारे उपाय

पहिला उपाय इतका साधा आहे की तो सांगितल्यावर लोकांचा विश्वास बसत नाही. फिल्म उलटी ठेवावी, म्हणजे इमल्शनची बाजू खाली. इमल्शनचा पृष्ठभाग काचेसारखा गुळगुळीत नसतो, त्यामुळे तो काचेला टेकला तरी वलये होत नाहीत, शिवाय फिल्मचा बाक आता कमानीसारखा वर जातो आणि पोट काचेपासून दूर राहते. बाजू ओळखण्यासाठी कडेवरील अक्षरे पाहावीत. ती सरळ वाचता येत असतील, तर आपण चमकदार बाजूने पाहत आहोत आणि इमल्शन पलीकडे आहे. असा स्कॅन आरशातल्यासारखा उलटा येतो, तो सॉफ्टवेअरमध्ये आडवा फिरवून घ्यावा. एखाद्या पाटीवरची किंवा पताकेवरची अक्षरे उलटी राहिलेली छायाचित्रे मी स्वतः लोकांना पाठवून बसलो आहे, म्हणून फिरवण्याचे काम स्कॅनिंगच्या सेटिंगमध्येच करून ठेवलेले बरे.

फिल्म उलटी ठेवल्यावर वलये जातात, पण कमान वर चढल्यामुळे फ्रेमचा मधला भाग कडांपेक्षा मऊ दिसू लागतो. त्यासाठी बाक काढावा लागतो. तीन-तीन फ्रेमच्या पट्ट्या कापून, पॉलिप्रॉपिलीनच्या पाकिटांत घालून, जाड शब्दकोशांखाली आठवडाभर ठेवल्या की बाक बराच उतरतो. पीव्हीसीची पाकिटे, म्हणजे उघडताच प्लास्टिकचा उग्र वास येणारी, या कामासाठी वापरू नयेत, आणि पावसाळ्यात कोणत्याही पाकिटावर दडपण ठेवण्याआधी फिल्म कोरडी असल्याची खात्री करावी. ओलसर इमल्शन प्लास्टिकला चिकटले, तर ज्या जागी ते चिकटते तेथे कायमचा चकाकता डाग राहतो. घाईघाईत फिल्म उलट्या दिशेने गुंडाळून बाक काढणारेही असतात. त्यात ओरखडे पडतात, मी तो मार्ग सुचवणार नाही.

ओलाव्यासाठी खोलीत एक साधा डिजिटल आर्द्रतामापक ठेवावा. माझ्या खोलीत जुलैमध्ये तो ८५ टक्क्यांच्या खाली क्वचितच उतरतो. वातानुकूलन यंत्र ‘ड्राय’ या स्थितीत चालवून खोली ५५ च्या आसपास आणावी आणि पाकिटांतून काढलेल्या पट्ट्या तासभर तेथे टांगून मगच स्कॅनला घ्याव्यात. यंत्र नसेल, तर घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेल घालून त्यात फिल्म रात्रभर ठेवली तरी चालते. जेलचा रंग बदलला की ते ओव्हनमध्ये तापवून पुन्हा वापरता येते. बुरशीही साधारण ६० टक्क्यांच्या वरच्या आर्द्रतेत वाढते, त्यामुळे निगेटिव्ह कायमच अशा डब्यात ठेवण्याचा दुहेरी लाभ आहे. मात्र अतिकोरडेपणाही उपयोगाचा नाही. ३५ टक्क्यांच्या खाली फिल्मवर स्थिर विद्युत साठते आणि ती चुंबकासारखी धूळ ओढते, याचा अनुभव उन्हाळ्यात सोलापूर-नगरकडे स्कॅन करणाऱ्यांना असेलच.

काच कोणती आणि कशी ठेवावी

एवढ्यावर न भागल्यास एकच वस्तू विकत घ्यावी, ती म्हणजे वलयरोधक काच. बाजारात ती एएनआर (अँटी-न्यूटन रिंग) काच या नावाने मिळते. तिची एक बाजू रसायनाने अतिशय बारीक खरवडलेली असते, त्यामुळे फिल्म आणि काच यांच्यात सलग, समान जाडीचा हवेचा थर तयार होतच नाही. खरवडलेली बाजू ओळखण्यासाठी काच ट्यूबलाइटखाली तिरकी धरावी. ज्या बाजूवर नळीचे प्रतिबिंब रेखीव दिसते ती गुळगुळीत आणि ज्या बाजूवर त्याच्या कडा धुरासारख्या विरघळतात ती खरवडलेली. तेल पेन्सिलीने गुळगुळीत बाजूच्या कोपऱ्यात खूण करून ठेवावी, कारण अंधाऱ्या खोलीत हातमोजे घालून काम करताना हा प्रश्न दर वेळी नव्याने पडतो.

पुष्कळ जण ही काच फिल्मच्या खाली ठेवतात आणि मग निराश होतात. खाली ठेवलेली काच प्रतिमेच्या मार्गात येते, तिच्या खरवडलेल्या पृष्ठभागाचा पोत कधीकधी चित्रात डोकावतो आणि फोकसची पातळीही बदलते. माझी पद्धत अशी: फिल्म इमल्शन खाली करून होल्डरमध्ये ठेवायची, तिचा बाक कमानीसारखा वर येतो, आणि त्या कमानीवर वरून काच ठेवायची, खरवडलेली बाजू फिल्मकडे. काचेच्या वजनाने कमान दबून सपाट होते, कडा होल्डरच्या ओठांवर टेकलेल्या राहतात, आणि खाली भिंगाच्या दिशेने केवळ हवा उरते. काच होल्डरच्या खाचेपेक्षा एखादा मिलिमीटर लहान कापून घ्यावी आणि कडा घासून घ्याव्यात, नाहीतर पहिल्याच दिवशी बोट आणि निगेटिव्ह दोन्ही कापले जातात. होल्डरचे मूळ झाकण या पद्धतीत बसत नाही आणि सॉफ्टवेअर फ्रेम आपोआप ओळखण्यात चुकते, म्हणून थंबनेलची सोय बंद करून चौकट हाताने आखावी.

फोटो फ्रेम करणाऱ्या दुकानातील नॉन-ग्लेअर काच स्वस्त पडते आणि तत्त्वतः तीही खरवडलेलीच असते. मी ती वापरून पाहिली. वलये गेली, पण तिचा पोत भरड असल्यामुळे २४०० डीपीआयला (दर इंचाला २४०० बिंदू) आकाशात रवाळपणा उमटला. संपर्कपत्रासारख्या (सगळ्या फ्रेम एकत्र लहान दाखवणाऱ्या) लहान स्कॅनसाठी ती चालेल, मोठ्या छापासाठी नाही.

सपाट झालेली फिल्म फोकसच्या नेमक्या उंचीवर आहे का, हे त्यानंतर एकदा तपासून घ्यावे. होल्डरच्या पायांखाली ८० जीएसएमच्या साध्या कागदाचे तुकडे ठेवावेत, कारण असा एक कागद साधारण एक दशांश मिलिमीटर जाड असतो. पाच, दहा आणि पंधरा कागद अशा चढत्या क्रमाने तीच फ्रेम स्कॅन करावी, सॉफ्टवेअरमधील शार्पनिंग पूर्ण बंद ठेवावे आणि चित्राऐवजी फिल्मचा दाणा कोठे सर्वांत टोकदार दिसतो ते पाहावे. माझ्या स्कॅनरला सात कागद लागले. हा आकडा दुसऱ्याच्या कामाचा नाही, एकाच नमुन्याच्या दोन यंत्रांतही तो वेगळा निघतो.

फिल्म द्रवात बसवण्याची, म्हणजे वेट माउंटिंगची पद्धतही वलये पूर्ण घालवते, कारण हवेच्या थराची जागा फिल्मच्या जवळपासचा अपवर्तनांक असलेला द्रव घेतो, आणि मागच्या बाजूचे बारीक ओरखडेही भरून निघतात. पण ते द्रव ज्वलनशील असतात, खिडक्या बंद ठेवलेल्या पावसाळी खोलीत मी ते वापरत नाही.

तरीही स्कॅनर घ्यायचाच असेल तर

निवड डीपीआयच्या आकड्यावरून करू नये. एप्सन व्ही६०० आणि व्ही८५० दोन्हींच्या खोक्यावर ६४०० डीपीआय लिहिलेले असते, पण घरगुती फ्लॅटबेड प्रत्यक्षात त्याच्या निम्मा तपशीलही वेगळा करू शकत नाही. २४०० डीपीआयला ३५ मिलिमीटर फ्रेमचे सुमारे ३४०० गुणिले २२७० पिक्सेल होतात, म्हणजे पावणेआठ मेगापिक्सेल, तर सहा-बाय-सहाच्या फ्रेमचे सुमारे २८ मेगापिक्सेल. मध्यम आकाराच्या फिल्मला फ्लॅटबेड पुरतो आणि ३५ मिलिमीटरला तो तोकडा वाटतो, त्याचे कारण या हिशेबात आहे.

त्यापेक्षा यंत्र फिल्म कशी धरते, हा प्रश्न आधी विचारावा. व्ही६०० च्या होल्डरची उंची बदलता येत नाही आणि त्यात वलयरोधक पत्रा नसतो, ती सोय आपल्याला काचेने आणि कागदांनी करावी लागते. व्ही८५० च्या होल्डरमध्ये हा पत्रा बसवलेला असतो आणि उंचीही बदलता येते. दमट गावात राहणाऱ्याने जास्तीचे पैसे द्यायचे असतील, तर ते या होल्डरसाठी द्यावेत. पण तो पत्रा प्लास्टिकचा असल्यामुळे धूळ ओढतो आणि त्यावर ओरखडे पडतात, तेव्हा तो कापडाने घासू नये, रबरी फुंकणीने साफ करावा.

केवळ ३५ मिलिमीटरच वापरणाऱ्याला प्लस्टेक ऑप्टिकफिल्म ८२००आय यासारखा स्वतंत्र फिल्म स्कॅनर अधिक योग्य. त्याच्या होल्डरमध्ये काचच नसल्यामुळे वलयांचा प्रश्न मुळातून सुटतो, परंतु त्याचा फोकस स्थिर असतो, म्हणून बाक आलेल्या पट्टीच्या कडा मऊ दिसतात आणि शब्दकोशांचा उपाय तेथेही करावाच लागतो. निकॉनचे जुने कूलस्कॅन स्वतः फोकस करतात आणि आजही उत्तम चित्र देतात, मात्र त्यांचे उत्पादन कधीच बंद झाले आहे आणि किनारपट्टीवर वापरलेल्या यंत्राच्या आतल्या आरशावर थर बसलेला असू शकतो. काळ्या कडेभोवती पांढुरके तेज पसरलेले दिसले, तर असे यंत्र कितीही स्वस्त असले तरी घेऊ नये.

ज्यांच्याकडे मॅक्रो लेन्स आणि २४ मेगापिक्सेलचा फुल-फ्रेम कॅमेरा (३५ मिलिमीटर फ्रेमएवढ्या सेन्सरचा) आहे, त्यांनी ३५ मिलिमीटर फिल्म कॅमेऱ्यानेच टिपावी. एकास एक प्रमाणात ते सुमारे ४२०० डीपीआय भरते. येथेही वलये येतात, पण ती फिल्म थेट एलईडीच्या दिव्यावर ठेवणाऱ्यांच्याच वाट्याला. फिल्म कडांवर धरणारा होल्डर घेऊन ती दिव्यापासून दोन-तीन सेंटिमीटर वर ठेवावी, म्हणजे वलये जातात आणि दिव्याच्या पृष्ठभागावरची धूळही फोकसच्या बाहेर राहते. दिव्याचा सीआरआय, म्हणजे रंग किती खरे दिसतात याचा निर्देशांक, ९५ किंवा अधिक असावा. कॅमेरा फिल्मला समांतर आहे का हे पाहण्यासाठी फिल्मच्या जागी छोटा आरसा ठेवावा आणि लेन्सचे प्रतिबिंब व्ह्यूफाइंडरच्या बरोबर मध्यावर येईपर्यंत स्टँड हलवावा.

धूळ काढणाऱ्या इन्फ्रारेड सोयीसाठी जास्त पैसे मोजण्यापूर्वी आपण कोणती फिल्म वापरतो ते पाहावे. पारंपरिक कृष्णधवल फिल्ममधील चांदी इन्फ्रारेड अडवते, त्यामुळे यंत्राला धूळ आणि चित्र यांतला फरक कळत नाही. रंगीत निगेटिव्हवर आणि इलफर्ड एक्सपी२ सारख्या सी-४१ मध्ये (रंगीत निगेटिव्हच्या प्रक्रियेत) धुतल्या जाणाऱ्या कृष्णधवल फिल्मवर ती सोय चालते. वारीचे रोल साध्या कृष्णधवल फिल्मवर असल्यामुळे मला तिचा काहीच उपयोग नाही, आणि वरून ठेवलेल्या काचेने धूळ बसायला आणखी दोन पृष्ठभाग वाढवले आहेत. म्हणून आता दर फ्रेमला फुंकणी चार वेळा चालते: काचेच्या दोन बाजू, फिल्मच्या दोन बाजू. दिवे घाटाचे ते आकाश गेल्या ऑगस्टमध्ये, बाहेर धो धो पाऊस असताना, एकाही वलयाशिवाय स्कॅन झाले. धुळीचे अकरा ठिपके होते, ते हाताने पुसले.